म्हशींना ‘आपण’ म्हणणारे डॉक्टर पागनीस

डॉक्टर पागनीस माणसांना ‘तू’ म्हणत आणि म्हशींना ‘आपण’.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं, पण जरा उशिरा. सरदारपूरजवळच्या एका गावातल्या सरकारी पशुचिकित्सालयात मी सहायक म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा डॉक्टर मागच्या अंगणात एका म्हशीच्या पलीकडे उकिडवे बसले होते. म्हशीच्या पोटाखालून मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. तेवढ्यात आवाज आला, “जरा डावा पाय बाजूला घ्यावा.”

देवासहून निघाल्यापासून मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. मी खूश होऊन डावा पाय बाजूला घेतला.

“आणखी थोडा. आपल्याला त्रास होतोय, कल्पना आहे मला.”

मी आणखी घेतला. म्हटलं, “नाही सर, त्रास काही नाही.”

म्हशीच्या पाठीवरून एक चष्मा वर आला. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू कौन है?”

म्हणजे ‘आपण’ ती होती. मी ‘तू’ होते.

माझं सांगायचं तर माझे बाबा साताऱ्याकडून देवासला कंपनीत नोकरीला आले आणि तिथलेच झाले. माझी शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, घरात मराठी, आणि तेही असं की आई अजून माझी वाक्यं दुरुस्त करते. लग्न झालं तेही देवासमध्येच. नोकरी लागली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. शनिवारी बसने घरी, सोमवारी पहाटे परत. गावात मराठी बोलणारा एकच माणूस, आणि तो बोलायचा गुरांशी. माझ्याशी हिंदीत. शेतकऱ्यांशी माळवी मिसळलेल्या हिंदीत. पहिले चार-पाच महिने मी त्यांचं मराठी असं चोरून ऐकलं, जसं शेजारच्या घरातलं गाणं ऐकावं.

एकदा धीर करून विचारलं, “सर, जनावरांशीच मराठी का?”

ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “हमारे पुरखे पागा में थे. सरकार के घोड़ों की लिखा-पढ़ी करते थे. घोड़ा सरकारी, सो उसको ‘तू’ कैसे बोलें? नौकरी चली जाती. घर में आदत पड़ गई.”

“और आदमी को?”

“आदमी सरकारी नहीं थे.”

खरं-खोटं देव जाणे. आडनाव मात्र त्या पागेतूनच आलेलं. गावकऱ्यांच्या तोंडी ते ‘पागलीस साब’ झालं होतं. कोणी दुरुस्त करायला गेलं तर डॉक्टरच हात हलवून म्हणत, “रहने दे. ज़्यादा गलत नहीं बोल रहा.”

दिसायला ते असे काही नव्हते की लक्षात राहावं. बुटके, कान मोठे, बारा महिने तोच तपकिरी स्वेटर. पण थंडीत त्यांना एकदा पाहिलं की माणूस विसरत नसे. माळव्यातली थंडी कोरडी आणि बोचरी. थंडगार सलाईन आजारी वासराच्या शिरेत सोडलं तर ते आणखी गारठतं. ते कोमट करायचं तर बादली हवी, चूल हवी, आणि खळ्यावर ते कुठून आणणार? म्हणून डॉक्टर घरून निघतानाच दोन बाटल्या दोन काखांत धरून, वर शाल गुंडाळून निघत. मोटरसायकल मी चालवायची, ते मागे पंख मिटलेल्या कोंबडीसारखे बसायचे. रस्त्यात कोणी रामराम केला की हात वर करता येत नसे, म्हणून ते मान खाली घालून नमस्कार करत. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस आहे.

“आधी पाणी, मग पांडित्य,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वासरू हगवणीने पडलेलं असलं, डोळे खोल गेलेले असले, आणि मी रोगाचं नाव काय असेल ते बोलू लागले, की ते हात वर करून थांबवत. सलाईन कडुलिंबाच्या फांदीला टांगलं जाई, शीर सापडे, थेंब सुरू होत. मग ते वासराच्या कानाशी वाकून म्हणत, “घ्यावं. सावकाश घ्यावं. आता कसली घाई नाही.” त्यानंतर माझ्याकडे वळून, “हाँ, अब बोल, क्या पांडित्य था?” तोवर वासराने कान हलवलेले असत आणि मी पांडित्य विसरलेली असे.

डोळ्यांच्या बाबतीत तर ते अतिशय हट्टी. गुराच्या डोळ्यात काटा गेला, बुबुळावर पांढरं आलं की शेतकरी आधी मेडिकलमधून माणसांच्या डोळ्याची कसली तरी ट्यूब आणून घालायचे. लाली चटकन उतरते, म्हणून त्यांना ती फार आवडायची. पण बुबुळावर जखम असताना तसलं औषध घातलं तर जखम आतल्या आत खात जाते. अशी ट्यूब कोणाच्या खिशात सापडली की डॉक्टर ती मागून घ्यायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. त्यांच्या स्वेटरचा डावा खिसा कायम या ट्यूबांनी फुगलेला. “डोळा मागतो थेंब, आपण ओततो बादली,” हे ते बैलाला सांगत. मालकाला हिंदीत याहून बरंच कडक काहीतरी.

एका बैलाचा उजवा डोळा तर काढायचीच पाळी आली. गाठ वाढली होती, राहिली असती तर बैलच गेला असता. डॉक्टरांनी आधी त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, “आपला हा डोळा आता राहणार नाही. मला वाईट वाटतं. पण दुखू देणार नाही, एवढा शब्द देतो.” मग डोळ्यामागे सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि बसून राहिले. मालक म्हणाला, साब, आता करा की. डॉक्टर म्हणाले, “शब्द दिया है उसको. तेरे को नहीं दिया.” पापणीला चिमटा लावून, सुई टोचून, चार बाजूंनी तपासून, बैल जराही दचकत नाही याची खात्री झाली तेव्हा कुठे हातात चाकू घेतला.

जखम भरल्यावर मालकाला त्यांनी जुंपायची बाजू बदलायला लावली. हा बैल आता डावीकडे, जोडीदार उजवीकडे. “जिस तरफ दिखता नहीं, उस तरफ साथी होना,” ते म्हणाले. ती जोडी मी पुढे किती वर्षं शेतात पाहिली. नांगराचं सरळ तास धरून चालायची.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझी नोकरी खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली.

सुगनाबाई नावाची एक शेतकरीण सकाळी धावत आली. तिची राधा नावाची म्हैस बसली ती उठत नव्हती. लाल लघवी करत होती. आम्ही गेलो. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून दाखवली. आतली बाजू चुन्यासारखी पांढरी. गोचिडांच्या तापाने रक्त आतल्या आत फुटून गेलेलं. औषध दिलं, पण डॉक्टर उठेनात. राधाच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले.

“औषध कीड़ा मारेगा,” ते मला म्हणाले. “पर तब तक चलेगी किस पर? इसमें खून ही नहीं बचा. दूसरी भैंस का देना पड़ेगा.”

सुगनाबाईच्या नवऱ्याने, कैलाशने, हे ऐकून कपाळाला हात लावला. म्हैस दुसरी त्यांच्याकडे नव्हती. धडधाकट, तरुण, दूध न देणारी अशी एकच म्हैस त्या आळीत होती, आणि ती शेजारच्या बद्रीलालची. बद्रीलाल आणि कैलाश यांचं पन्हाळीच्या पाण्यावरून भांडण होऊन दोन वर्षं झाली होती. दोन घरांत एकच भिंत, पण एकमेकांच्या लग्नाकार्यालाही जात नव्हते.

“वो नी देगा साब,” कैलाश म्हणाला. “म्हारे से तो वो राम-राम भी नी करे.”

“तुझसे नहीं माँग रहा,” डॉक्टर म्हणाले आणि उठून बाहेर पडले. मी पाठोपाठ.

बद्रीलाल ओट्यावर बसून बिडी ओढत होता. आमचं येणं कशासाठी ते त्याला भिंतीपलीकडून ऐकू गेलंच असणार. त्याने तोंड फिरवून घेतलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. सरळ गोठ्यात गेले. तिथे कजरी उभी होती. काळीभोर, चकचकीत, डोळे मोठे. डॉक्टरांनी चप्पल काढली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले,

“नमस्कार. आपल्याकडे एक मागणं घेऊन आलोय. पलीकडच्या राधाबाई आजारी आहेत. आपल्या अंगातलं थोडं रक्त त्यांना हवंय. आपल्याला सुई टोचेल, ते मी लपवत नाही. दोन-चार दिवस थोडा थकवा वाटेल, मग सगळं भरून येईल. आपण नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.”

आणि ते तसेच हात जोडून उभे राहिले. कजरी रवंथ करत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला कुठे बघावं ते कळेना. दारात बायका जमल्या. कोणी हसलं नाही, कारण डॉक्टर हसत नव्हते.

शेवटी बद्रीलालच उठून आला. बिडी विझवून म्हणाला, “कई के रिया हो उससे?”

“पूछ रहा हूँ.”

“उससे? मालक तो मैं हूँ.”

“खून उसका है, भिया.”

बद्रीलालने विझलेली बिडी खिशात ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, “तो वो कई बोली?”

डॉक्टरांनी म्हशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “बोली, मेरे को तो कुछ नहीं है, घर के बड़े से पूछ लो.”

बद्रीलालने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे सुगनाबाई मुसमुसत होती, ते या बाजूला स्पष्ट ऐकू येत होतं. तो कजरीपाशी गेला. मग दावं सोडत पुटपुटला, “इसको कुछ हुआ तो देख लेना.”

कजरीला अंगणात आणलं. डॉक्टरांनी सुगनाबाईकडून एक स्टीलची थाळी मागितली, पालथी घातली आणि दोघींच्या रक्ताचे थेंब त्यावर एकत्र करून बघत बसले. गुठळ्या होतात का ते पाहायचं असतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, ये क्या है? “दोनों की कुंडली मिला रहा हूँ,” डॉक्टर म्हणाले. मग समजावून सांगितलं, की म्हशीत पहिल्या वेळी बहुतेक चालून जातं. पहिल्यांदा रक्त आलं की अंग त्याला पाहुणा समजतं. दुसऱ्यांदा तेच आलं की ओळखतं आणि भांडतं. “बिलकुल तुम लोगों जैसा,” असं म्हणून ते उठले.

आणि उठले ते कजरीच्या तोंडापाशी जाऊन उभे राहिले. तिचं मस्तक दोन्ही हातांत धरलं. मला म्हणाले, “लगा.”

मी आजवर लसी टोचल्या होत्या. गोळ्या दिल्या होत्या. मानेच्या मोठ्या शिरेत ती जाडजूड सुई मी फक्त त्यांना घालताना पाहिली होती. शिवाय त्या गावात बाईने म्हशीला हात लावलेला चालत नसे. मतलब, धार काढलेली चाले, शेण काढलेलं चाले. सुई नाही. मला गेल्या पाच महिन्यांत तीनदा दारातून परत पाठवलं होतं, साब को भेजो म्हणून.

बद्रीलाल लगेच म्हणाला, “साब, आप लगाओ.”

“मैं इनसे बात कर रहा हूँ,” डॉक्टर म्हणाले. “बात बीच में छोड़ूँगा तो बुरा मानेंगी. सुई बहनजी लगाएँगी.”

ते खोटं होतं. बोलता बोलता त्यांनी शेकडो सुया घातल्या होत्या, मी पाहिल्या होत्या. पण ते बोलायला लागलेसुद्धा. कजरीच्या कानात, शांतपणे, मराठीत. “दोर गळ्याशी नीट घट्ट बांधावा. शीर वर येऊ द्यावी. अंगठ्याने तिच्यावर टिचकी मारून बघावी, लाट वर जाते का. जाते ना? आता सुई वरच्या दिशेने, भीती न बाळगता. हात थांबला की जास्त दुखतं.”

गावकऱ्यांना वाटलं ते म्हशीची समजूत घालताहेत. त्या अंगणात मराठी कळणारी मी एकटी होते.

मी सुई घातली. नळीतून गडद लाल धार बाटलीत पडली. बाटलीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते नीट मिसळावं म्हणून बाटली सारखी हलक्या हाताने फिरवावी लागते. ती फिरवायला सुगनाबाई पुढे आली. दुसरी बाटली कैलाशने धरली. तिसऱ्या बाटलीला माणूस कमी पडला तेव्हा बद्रीलालने मुकाट्याने हात पुढे केला. दोघं शेजारी शेजारी बसून बाटल्या फिरवत होते, एकमेकांकडे न बघता.

एकूण चार लिटर रक्त निघालं. मग तेच राधाच्या शिरेत, आधी अगदी थेंब थेंब, तिला थरथर सुटते का, श्वास वाढतो का हे बघत, आणि मग जरा भरभर. रक्त अंगावर उलटलं तर द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी भरून कानामागे पेन्सिलसारखं खोवून ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. दुपार उतरता उतरता राधाने मान उचलली, आजूबाजूला पाहिलं आणि पुढ्यातल्या कडब्याची एक काडी ओढली. सुगनाबाईने पदर तोंडात घातला.

परत निघताना डॉक्टर मोटरसायकलवर मागे बसले. गावाबाहेर आल्यावर मागून आवाज आला.

“आपण उत्तम काम केलंत.”

मी आरशात बघितलं. आसपास म्हैस नव्हती. माझी बढती झाली होती. त्या दिवसापासून डॉक्टर माझ्याशी मराठीत बोलू लागले, आणि ‘आपण’ म्हणू लागले. घरी नवऱ्याला फोनवर सांगितलं, की सरांनी मला म्हशीच्या बरोबरीचं मानलं. तो म्हणाला, “बधाई दूँ क्या?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कजरीचे आभार मानायला गेले. गुळाची ढेप घेऊन. हे ते प्रत्येक वेळी करत. ज्या जनावराने रक्त दिलं, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी गूळ, आणि त्यानंतर त्या वाटेने कधीही गेलं तरी थांबून विचारपूस. यापूर्वी ते धामनोदला होते. तिथे हायवेवर ट्रकने उडवलेली गुरं फार यायची, त्यामुळे त्यांची आभाराची यादीही तिकडे लांबलचक होती. बदली होऊन वर्षं लोटली तरी, तिकडे काही काम निघालं की ते बसमधून उतरून आधी दोन-तीन गोठे करून यायचे.

बद्रीलालला आधी या गुळाचं हसू यायचं. मग तोच पाहुण्यांना गोठ्यात नेऊन दाखवू लागला, “ये है कजरी. इसी ने दिया था खून.” पुढच्या दिवाळीत मला सुगनाबाईकडे फराळाला बोलावलं होतं, तर ताट बद्रीलालची बायको वाढत होती. पन्हाळीचं काय झालं ते मी विचारलं नाही. आणि मला त्या गावात दारातून परत कोणी पाठवलं नाही. कैलाशसारखे तर निरोप द्यायचे, “बहनजी को भेजो. साब को भी ले आना, बात करने के लिए.”

सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मग ते निवृत्त होऊन देवासला गेले, त्यांचं जुनं घर तिथेच होतं. दोन वर्षांनी माझीही बदली देवासला झाली. त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. तोवर शनिवार-रविवारच्या धावपळीत जाणं झालंच नव्हतं. एका रविवारी भेटायला गेले.

दार उघडंच होतं. डॉक्टर खाटेवर उताणे पडले होते आणि त्यांच्या कानात पाणी चाललं होतं. डाव्या हातात डोळ्याच्या औषधाची छोटी बाटली. एक थेंब भुवईवर, एक गालावर, दोन उशीत.

“काचबिंदू निघालाय,” ते म्हणाले. “डोळ्यातलं प्रेशर वाढतं. सकाळ-संध्याकाळ दोन औषधं घालायची आहेत. महिन्याची बाटली नऊ दिवसांत संपते.”

उजवा खांदा त्यांचा कधीच निकामी झाला होता. तीस-पस्तीस वर्षं गाई-म्हशींची आतून तपासणी करून करून गुरांच्या डॉक्टरांचा तो जातोच. डावा हात थरथरत होता. नलिनीकाकू, त्यांची बायको, मी नोकरीला लागण्याआधीच गेल्या होत्या. मुलगा बेंगळुरूला. तो चांगला होता, रोज फोन करायचा, पण फोनवरून थेंब घालता येत नाही.

“शेजाऱ्यांना का नाही सांगितलं?”

“त्यांना कशाला त्रास?”

मी हात धुतले, त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि खालची पापणी ओढून थेंब घातला. एकच. नाकाशेजारचा कोपरा बोटाने दाबून धरला, औषध घशात उतरू नये म्हणून. मग दुसरं औषध लगेच घालायचं नसतं, नाहीतर पहिलं धुऊन जातं. मध्ये दहा मिनिटं थांबायचं, डोळे मिटून. मी खुर्ची ओढून बसले.

तेव्हापासून सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी येताना मी त्यांच्याकडे थांबू लागले. माझ्यासाठी ते काही उपकार वगैरे नव्हते. ज्या माणसाने माझ्या हातात सुई दिली, त्याच्या डोळ्यात थेंब घालायला मिळणं हे माझं भाग्यच म्हणते मी. पण खरं सांगायचं तर मला त्या दहा मिनिटांची गोडी लागली. डोळे मिटले की डॉक्टर बोलायला लागायचे. गुरांविषयी नाही. नलिनीकाकूंविषयी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सायकल येत नव्हती, आणि डॉक्टरांनी त्यांना टेकडीच्या रस्त्यावर सायकल शिकवली. त्या पडल्या की डॉक्टरांवर नाही, सायकलवर रागवायच्या. एक दिवस त्यांनी सायकलशी अबोला धरला. असं रोज थोडं थोडं. दहा मिनिटं झाली की मी दुसरा थेंब घालायची, ते “आभारी आहे” म्हणायचे, आणि मी निघायची. गोष्ट अर्ध्यावर राहायची.

असं आठ-नऊ महिने चाललं.

परवा सकाळी मी गेले. पहिला थेंब घातला, कोपरा दाबला. डॉक्टर डोळे मिटून पडले आणि काकूंनी पहिल्यांदा एकटीने इंदूरची बस पकडली ती गोष्ट सुरू झाली. मी दुसरी बाटली उचलायला गेले तर खालची चिठ्ठी जमिनीवर पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांची, इंदूरची. उचलताना नजर गेली. चार महिन्यांपूर्वीची होती. प्रेशर आता ताब्यात आहे, म्हणून लिहिलेलं. पहिलं औषध चालू ठेवायचं. दुसऱ्यावर काट मारलेली, बंद.

मी हातातली बाटली बघितली. औषधाचं लेबल वाचल्याशिवाय बाटली फोडायची नाही हे मला याच माणसाने शिकवलं होतं. पण त्यांच्या हातून आलेल्या बाटलीचं लेबल वाचावं असं मला कधी सुचलंच नव्हतं. आता वाचलं. ते औषध नव्हतंच. डोळे कोरडे पडतात त्यांच्यासाठीचे नुसते ओलाव्याचे थेंब. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. केव्हाही घाला, कितीही घाला, नाही घातले तरी चालतात. त्यांच्यासाठी दहा मिनिटं थांबायची काहीच गरज नसते.

चार महिने, सकाळ आणि संध्याकाळ.

मी चिठ्ठी होती तशी घडी घालून ठेवली. बाटली तिच्यावर ठेवली. खुर्चीवर बसले.

“मग काय झालं?” मी विचारलं. “बस चुकली?”

“चुकली कसली,” डॉक्टर मिटल्या डोळ्यांनी हसले. “बस बरोबर होती. फक्त ती इंदूरहून उलट्या बाजूने निघालेली होती. नलिनी उज्जैनला उतरली. तिथून मला पत्र टाकलं, की मी इंदूरला सुखरूप पोचले…”

ते सांगत राहिले. मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं होऊन गेली होती. कामावर पोचायला उशीर होणार होता.

गोष्ट सांगता सांगता ते मध्येच थांबले. जरा बिचकत म्हणाले, “दहा मिनिटं झाली असतील, नाही?”

“नाही अजून,” मी म्हटलं. “अजून वेळ आहे.”